मेसेज क्यूची डिस्क रिकामी कधी होते: अ‍ॅक्टिव्हएमक्यू, रॅबिटएमक्यू की काफ्का?

मेसेज ब्रोकर (एका यंत्रणेचे संदेश रांगेत, म्हणजे क्यूमध्ये, साठवून दुसरीकडे पोहोचवणारे सॉफ्टवेअर) निवडताना वेगाची चौकशी सगळेच करतात. वाचून झालेल्या संदेशांची जागा परत कधी मिळते, हा प्रश्न मात्र बहुधा डिस्क भरल्यावर पुढे येतो. तो आधीच विचारायला हवा, कारण येथे तुलनेस घेतलेल्या तिन्ही पर्यायांत संदेश फाइलच्या शेवटी जोडला जातो आणि जागा सुटते ती एकेका संदेशाची नव्हे, तर अख्ख्या फाइलची.

अ‍ॅक्टिव्हएमक्यू क्लासिकमध्ये हा प्रश्न सर्वांत बिकट आहे. त्याच्या काहाडीबी या भांडारात सर्व क्यूंचे संदेश एकाच जर्नलमध्ये (ओळीने नोंदी होणाऱ्या फाइलींच्या मालिकेत), मूळ सेटिंगनुसार ३२ एमबीच्या फाइलींत, सरमिसळ लिहिले जातात. दर ३० सेकंदांनी सफाई होते, पण पोच (वाचणाऱ्याने संदेश हाताळल्याची खूण) न मिळालेला एक जरी संदेश आत असला तरी ती फाइल हटवली जात नाही. शिवाय पोचही जर्नलमध्येच नोंदवली जाते. त्यामुळे अडलेल्या फाइलीतील इतर संदेशांच्या पोच ज्या पुढच्या फाइलीत आहेत तीही राखावी लागते, मग तिच्यामुळे तिसरी, आणि कोणीही न पाहणाऱ्या डेड लेटर क्यूमधला (पोहोचवता न आलेल्या संदेशांच्या रांगेतला) दोन केबीचा संदेश अनेक जीबी जागा अडवून बसतो. ५.१४ आवृत्तीपासून पोच पुढे हलवून ही साखळी तोडण्याची सोय आहे, तरी मूळ फाइल अडकलेलीच राहते. डेड लेटर क्यूला एमकाहाडीबीद्वारे स्वतंत्र भांडार देणे, हा मला सर्वांत भरवशाचा उपाय वाटतो.

रॅबिटएमक्यूच्या कोरम क्यूमध्ये (अनेक सर्व्हरांवर प्रती ठेवणाऱ्या क्यूमध्ये) सुरुवातीची नोंदवही सामाईक असली तरी सेगमेंट फाइली (साठवलेल्या नोंदींचे तुकडे) प्रत्येक क्यूच्या स्वतंत्र असतात, म्हणून एका क्यूतील खोळंब्याची झळ सहसा दुसऱ्या क्यूच्या सेगमेंटना लागत नाही. पोच ३० मिनिटांत न आल्यास चॅनेल (वाचणाऱ्याशी असलेली जोडणी) बंद करून संदेश पुन्हा क्यूत टाकला जातो, हेही उपकारक आहे. डिस्कवर किती जागा मोकळी उरल्यावर ब्रोकर नवे संदेश घेणे थांबवतो, ती मूळ मर्यादा केवळ ५० एमबी आहे. ती वाढवल्याशिवाय प्रॉडक्शनमध्ये जाऊ नये.

काफ्का पोचेची वाटच पाहत नाही. मुदत संपली की सेगमेंट हटतो, मग कोणी वाचलेले असो वा नसो. मूळ मुदत ७ दिवसांची आणि सेगमेंट १ जीबीचा असतो. पण तुरळक वाहतुकीच्या टॉपिकमध्ये (काफ्कातील संदेशांच्या विषयवार प्रवाहात) सेगमेंट ७ दिवसांनीच बदलत असल्याने त्यातील पहिला संदेश जवळपास १४ दिवस राहू शकतो. आकाराची मर्यादा दर पार्टिशनला (टॉपिकच्या प्रत्येक भागाला) लागू होते: ५ जीबी मर्यादा, १० पार्टिशन आणि ३ प्रती म्हणजे क्लस्टरवर (सर्व सर्व्हर मिळून) किमान १५० जीबीची तरतूद.

न वाचलेला संदेश हरवणे परवडणारच नसेल, तर नव्या कामासाठी मी कोरम क्यू निवडेन. तोच मजकूर अनेक यंत्रणांना पुन्हा वाचायचा असेल तर काफ्का योग्य; मात्र मुदत ठरवताना वाचणारी यंत्रणा जास्तीत जास्त किती दिवस बंद राहू शकते, याचा हिशेब जोडून आलेल्या सुट्ट्या धरून करावा.