नाल्याकाठचा शाळा प्रोग्राम – ५ पैकी ४ स्टार

आमची पोरगी नववीला हाय, तिच्या शाळेनं हा सेवा करत शिकायचा प्रोग्राम घेतला. मला वाटलं झाडू हातात देऊन फोटो काढतील आणि सर्टिफिकेट वाटतील, खरं तसं नाही बघा. आमच्या बेळगावातल्या बळ्ळारी नाल्याकाठी नेलं, पाण्याचे नमुने घेतले, वडगाव-शहापूर शिवारातल्या शेतकऱ्यांशी पोरं स्वतः मराठी-कन्नड दोन्हीत बोलली, पावसात भात कसा बुडतोय ते ऐकलं आणि मग वर्गात नकाशा काढला, नाला मार्कंडेय नदीला, मार्कंडेय घटप्रभेला, ती कृष्णेला, म्हणजे अरबी समुद्र एवढा जवळ असून आमची प्लास्टिक पिशवी निघाली बंगालच्या उपसागराला! युनोनं २०१५ ला ठरवलेल्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांतलं ६ नंबरचं पाण्याचं का हाय ते आता पोरगीच मला सांगतीय.

एक स्टार कापला कारण परदेशातल्या शाळेशी व्हिडिओ कॉल म्हणून जाहिरात केली आणि कॉल लागलाच नाही, पीपीटीवर भागवलं. वर्कशीट पण सगळी इंग्लिशमध्ये, मराठी मीडियमच्या पोरांनी काय करायचं? आणि काम झाल्यावर बसून डायरी लिहायला, चर्चा करायला वेळच देत नाहीत, निम्मं शिकणं तर तिथंच असतंय की.

फी परवडते. एसएसएलसीच्या म्हणजे दहावीच्या वर्षी नको, नववीतच घाला.