मोटुल आरबीएफ ६०० : ट्रॅकवर पेडल मऊ पडतंय? आधी हे तपासा, मग बाटली घ्या

आधीच सांगते, ट्रॅकवर ब्रेक पेडल मऊ पडत असेल आणि कारण फ्लुइड उकळणं हेच असेल तर मोटुल आरबीएफ ६०० हे ब्रेक फ्लुइड (पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव) बिनधास्त घ्या, पैसे वसूल. पण कारण वेगळं असेल तर ही बाटली काही कामाची नाही. ट्रॅक डे ला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, पॅडॉकमध्ये (गाड्या लावायच्या जागेत) उभं राहिलं की दिसतं, कितीतरी जण काय बिघडलंय ते न बघताच आधी फ्लुइड बदलतात, मग पॅड, मग डिस्क, आणि शेवटी वैतागून म्हणतात की या गाडीचे ब्रेकच फालतू. म्हणून रिव्ह्यू जरा लांब झालाय, फ्लुइडबद्दल आहेच पण ते कधी टाकायचं आणि कधी नाही याबद्दल जास्त आहे.

माझी गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, पुढे डिस्क मागे ड्रम, इंजिनला हात लावलेला नाही, ठाण्यात रोज ऑफिसला हीच आणि ट्रॅकवरही हीच. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ज्यांनी चालवलंय त्यांना माहितीये, तीन नंबरच्या कॉर्नरमधून बाहेर पडलं की चार नंबरपर्यंत एक किलोमीटरहून जास्त सरळ पट्टा आहे, आणि त्याच्या टोकाला गाडीचा वेग एकदम खाली आणावा लागतो. हिशोब करून बघा, ११०० किलोची गाडी १६० वरून ७० वर आणली तर जवळपास पावणेनऊ लाख ज्यूल ऊर्जा जाते, म्हणजे अडीच लिटर साधं पाणी उकळीला येईल इतकी, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क घेतात. हे एका ब्रेकिंगचं. पाच किलोमीटरहून जरा मोठ्या लॅपमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीत, असं परत परत होतं आणि मधे गार व्हायला वेळ मिळतो तो सरळ पट्ट्यांवरच. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर वेग कमी असतो, पण ट्रॅक छोटा, सरळ पट्टे छोटे, त्यामुळे ब्रेकला श्वास घ्यायला जागाच नाही. तिथेही तीच तक्रार ऐकू येते.

आता मुद्द्याचं. ब्रेक "गेले" म्हणजे नक्की काय झालं ते पाय सांगतो, फक्त नीट लक्ष द्यायला पाहिजे.

पेडल हळूहळू, लॅपमागून लॅप, खाली खाली जायला लागलं, स्पंजसारखं लागलं, दोनदा पंप केल्यावर थोडं वर आलं पण तो टणकपणा नाही, तर फ्लुइड उकळलंय. कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टनच्या मागे असलेलं फ्लुइड पॅडमधून येणाऱ्या उष्णतेने उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, त्यामुळे तुमच्या पायाची ताकद बुडबुडे दाबण्यातच संपते. यातली फसवी गोष्ट म्हणजे हे बऱ्याचदा गाडी उभी केल्यावर होतं. चालत्या गाडीत हवा लागत असते, पिटमध्ये आलात, इंजिन बंद केलं, की डिस्क आणि पॅडमधली उष्णता कॅलिपरमध्ये झिरपत राहते आणि दहा मिनिटांनी पेडल दाबलं तर थेट खाली. म्हणून शेवटचा लॅप ब्रेक जवळपास न वापरता हळू मारायचा, आणि पार्क केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये टाकून चाकाखाली लाकूड ठेवायचं.

याउलट पेडल एकदम टणक आहे, जागच्या जागी आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि गाडी थांबत नाहीये, वर जळका वास येतोय, हे पॅड फेड, म्हणजे तापून पॅडची पकड जाणं. यात फ्लुइडचा काहीच दोष नाही. कंपनीचे पॅड रस्त्यासाठी बनवलेले असतात, त्यातलं रेझिन ठरावीक तापमानाच्या वर गॅस सोडायला लागतं आणि घर्षणच कमी होतं. यावर उपाय म्हणजे फेरोडो डीएस२५०० सारखा जास्त तापमान झेलणारा पॅड, आणि तो नीट बेड इन करणं, म्हणजे ठरावीक पद्धतीने ब्रेक मारून पॅडचा एकसारखा थर डिस्कवर बसवणं. आरबीएफ ६०० ने यात काडीचा फरक पडणार नाही. आणि उलटंही खरं आहे, भारी पॅड टाकून फ्लुइड जुनंच ठेवलं तर तो पॅड जास्त उष्णता झेलत राहतो, तुम्ही जास्त जोरात ब्रेक मारत राहता, आणि फ्लुइड आधीपेक्षा लवकर उकळतं. माझ्या मते नवीन पॅड आणि जुनं फ्लुइड ही सगळ्यात वाईट जोडी आहे, कारण आधी पॅड फेड निदान हळूहळू कळत होतं, आता पेडलच अचानक जातं.

तिसरा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. वेगवान कॉर्नर संपला, कर्बवरून चाक गेलं, पुढच्या ब्रेकिंगला पहिला दाब खोल गेला, परत दाबलं तर पेडल एकदम ठणठणीत. याला नॉकबॅक म्हणतात. व्हील बेअरिंगला प्ले (ढिलेपणा) असेल किंवा हब, म्हणजे चाक बसतं तो भाग, लवत असेल तर डिस्क तिरकी हलते आणि पॅड पिस्टनसकट मागे ढकलते, मग पहिल्या दाबात ते अंतर भरण्यातच पेडलचा प्रवास जातो. ओळखायची खूण अशी की ब्रेक गार असताना, पहिल्याच लॅपलाही होतं, आणि एका टॅपमध्ये पूर्ण बरं होतं. उकळलेलं फ्लुइड असं पूर्ण बरं होत नाही. बेअरिंग तपासून घ्या, तोपर्यंत सरळ पट्ट्यावर कॉर्नरच्या आधी डाव्या पायाने हलकासा टॅप देऊन पॅड परत जागेवर आणून ठेवा.

पेडल आणि स्टिअरिंग थरथरतंय तर सगळे म्हणतात डिस्क वाकली. मला हे निदान पटत नाही, निदान दरवेळी तरी नाही. बहुतेक वेळा गरम डिस्कवर पॅडचं मटेरियल एकाच ठिकाणी जास्त चिकटलेलं असतं, गरम ब्रेक दाबून धरून गाडी उभी केली की हमखास. जाडीत काही शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी पायाला कळतो. डिस्क फेकायच्या आधी डायल गेजने रनआउट (फिरताना डिस्क किती डगमगते ते) आणि मायक्रोमीटरने जाडी मोजायला लावा, आणि परत एकदा नीट बेड इन करून बघा.

आता आपल्याकडच्या गाड्यांचा खास विषय, मागचे ड्रम. पेडल लांब जातंय पण स्पंजी नाही, गार असतानाही तसंच, तर आधी हे करा, गाडी उभी असताना हँडब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि पेडल दाबा. पेडल वर आलं असेल तर मागच्या शूजची (ड्रमच्या आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) अ‍ॅडजस्टमेंट सैल आहे, ऑटो अ‍ॅडजस्टर अडकलाय, आणि तुमचा प्रश्न एका पान्यात सुटणार आहे. फुकटची टेस्ट आहे आणि कोणी करत नाही. मला एका गॅरेजमध्ये, नाव घेत नाही, लांब पेडल बघून गाडी न उघडताच मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने फ्लुइड पुढे ढकलणारा पंप) बदलायला सांगितलं होतं. मास्टर सिलिंडरची खूण वेगळी असते, इंजिन चालू ठेवून पेडलवर हलका आणि सारखा दाब धरायचा, पेडल मऊ न होता सावकाश खाली खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठेच गळती नसेल तर आतलं सील गेलंय. माझ्या गाडीत पेडल सरकत नव्हतं, दोष ड्रमच्या अ‍ॅडजस्टमेंटचा निघाला.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर कॅलिपरची स्लाइड पिन काढून बघा, आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा नव्यासारखा असेल तर पिन अडकलीये, साफ करून योग्य ग्रीस लावा. ट्रॅकवर जाणाऱ्याने चारही पॅड काढून त्यांची झीज बघायची सवय लावावीच, पाचर झालेत का, आतबाहेर फरक आहे का, त्यातून इतकं कळतं की बाकीची निम्मी तपासणी वाचते.

हे सगळं बघून झालं आणि खरंच फ्लुइडच उकळतंय असं ठरलं, तर आरबीएफ ६००.

आकडे असे. डॉट ४ च्या मानकात (ब्रेक फ्लुइडची एक प्रमाणित श्रेणी) ड्राय बॉइलिंग पॉइंट, म्हणजे ताज्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू, कमीत कमी २३० अंश सेल्सिअस आणि वेट १५५ लागतो. आरबीएफ ६०० चा ड्राय ३१२ आणि वेट दोनशेच्या वर आहे. वेट म्हणजे फ्लुइडमध्ये ३.७ टक्के पाणी गेल्यानंतरचा. ही गोष्ट मुंबई-ठाणे-कोकणवाल्यांनी मनावर घ्यायला हवी, कारण ग्लायकॉलवालं फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, होजमधूनसुद्धा, आणि आपल्याकडे चार महिने हवा म्हणजे पाणीच असतं. दोन-तीन पावसाळे बघितलेलं साधं डॉट ४ घेऊन ट्रॅकवर जाणं म्हणजे त्या १५५ कडे सरकलेलं फ्लुइड घेऊन जाणं.

टाकल्यानंतरचा फरक? पेडल पहिल्या लॅपला आणखी टणक लागेल अशी अपेक्षा ठेवू नका, फ्लुइड तसं काही करत नाही, ब्लीडिंग (चाकापाशी जुनं फ्लुइड आणि हवा बाहेर काढणं) नीट झालं म्हणून टणक लागलं तर ती गोष्ट वेगळी. फरक असा की पूर्वी सेशनच्या शेवटी पेडल जिथे जमिनीकडे सरकायचं तिथे ते आता जागेवरच राहतं, चार नंबरच्या ब्रेकिंगला मी दर लॅपला त्याच बोर्डापाशी त्याच दाबाने ब्रेक मारू शकते, आणि पेडलची भीती गेली की लक्ष लाइनवर जातं. माझ्यासाठी हे पॉवर वाढवण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. एक साइड इफेक्ट असा की आता मर्यादा पॅडची दिसायला लागली, म्हणजे पेडल टणक आणि गाडी जरा लांब थांबते. निदान आता काय कमी पडतंय ते स्पष्ट आहे.

तक्रारी आहेत. साध्या डॉट ४ पेक्षा चांगलंच महाग आहे. आणि एकदा टाकलं की विसरून जा असं हे फ्लुइड नाही, ओलावा हेही ओढतं, त्यामुळे ट्रॅक सीझनच्या आधी पूर्ण फ्लश (सगळं जुनं फ्लुइड काढून नवीन भरणं) आणि दर ट्रॅक डे च्या आधी निदान कॅलिपरचं ब्लीडिंग करावंच लागतं. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी कपाटात ठेवू नका, उरलेलं फेकायचं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर बोनेटचा पेंट उचलतो. दुसऱ्या डॉट ३, डॉट ४, ५.१ मध्ये मिसळलं तर चालतं पण मग ३१२ चा आकडा विसरा, आणि सिलिकॉनच्या डॉट ५ मध्ये तर अजिबात मिसळायचं नाही. नवीन ईएसपीवाल्या (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असलेल्या) बऱ्याच गाड्यांना कंपनी पातळ, लो व्हिस्कॉसिटी फ्लुइड सांगते, तुमच्या गाडीचं मॅन्युअल आधी वाचा.

बाटली ५०० मिलीची येते. छोट्या हॅचबॅकला पूर्ण फ्लश करायला दोन घ्या, एकीत जेमतेम होतं आणि रिझर्व्हॉयर मधेच रिकामा झाला तर हवा आत जाऊन सगळं परत करावं लागतं. मेकॅनिकला सांगताना "फ्लुइड टॉप अप कर" असं म्हणू नका, चारही चाकांतून जुनं पूर्ण निघेपर्यंत ब्लीड करायला सांगा आणि शेजारी उभं राहून बघा, शक्य असेल तर पेडल मारायला तुम्हीच बसा.

मोटुलचंच आरबीएफ ६६० घ्यावं का असं बरेच जण विचारतात. त्याचा ड्राय ३२५ आहे, पण वेट ६०० च्या आसपासच आहे, म्हणजे दर इव्हेंटला ताजं फ्लुइड भरणाऱ्या रेस कारला त्याचा फायदा, माझ्यासारख्या रोज घोडबंदर रोडवर चालणाऱ्या गाडीला नाही. वेट जास्त हवा असेल तर कॅस्ट्रॉलचं एसआरएफ आहे, वेट २७०, पण त्याची किंमत वेगळ्याच पातळीवर आहे. स्टॉक हॅचबॅक आणि वर्षातून मोजके ट्रॅक डे असतील तर ६०० पुरतं, वाचलेले पैसे पॅडवर घाला.