तेरा महिन्यांत तीनदा ब्रेक पॅड, आणि पैसे मुकाट्याने दिले मीच

मी चादरींच्या कारखान्यात हिशेब बघतो. दुसऱ्याच्या बिलातली दहा रुपयांची चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. तरी सोलापुरातल्या एका गॅरेजवाल्यानं मला १७,२५० रुपयांना गंडवलं.

डिसेंबरात पुढचे पॅड, ३,२००. मेमध्ये पुन्हा घरघर, म्हणून पॅड आणि डिस्क, ८,६५०. जानेवारीत पुन्हा पॅड, वर म्हणे ‘कॅलिपर ओव्हरहॉलिंग’, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग खोलून दुरुस्त करणं, ५,४००. गाडी एवढ्यात जेमतेम अकरा हजार किलोमीटर चालली.

मेमधली ती दुपार आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. त्यानं पेपरवर जुने पॅड मांडले. डाव्या चाकाचा आतला पॅड पार लोखंडाला लागलेला, बाहेरच्यावर निम्मा थर शिल्लक. मी ते हातात घेऊन बघितले हो! एकाच चाकाचे दोन पॅड असे झिजले की कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन अडकल्याचा संशय आधी घ्यायचा. मी विचारलं, “असं कसं?” तर म्हणाला, “मालक, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवताय.” बायको शेजारी उभी होती. मी ओशाळलो आणि पैसे काढले. आता गॅरेजात काय कॅलिपर उघडून बसायचं होतं मी?

फेब्रुवारीत तुळजापूरहून घाट उतरताना जळका वास आला. डावं चाक हात लावू देईना, उजवं कोमट. दुसऱ्या मिस्त्रीनं खोललं तर पिन गंजून घट्ट बसलेली, कधी हललीच नव्हती. म्हणजे ओव्हरहॉलिंग झालंच नव्हतं. पिन, रबर, ग्रीस, मजुरी धरून ७५०!

जुना पार्ट डिकीत टाकून घरी आणा. दोन्ही चाकं तपासायला लावा, आणि आतला पॅडही बघा.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, “हे दिवाणी आहे, ग्राहक आयोगात जा.” दुसऱ्या एका कार्यालयात “गॅरेज आमच्याकडे येत नाही.” तिथून तिसरीकडे, तिथं “साहेब मीटिंगला गेलेत.” दोन सुट्ट्या गेल्या, त्यांचे पैसे कोण देणार? आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पण वकिलांनी आधी पक्कं बिल मागितलं. माझ्याकडे तीन चिठ्ठ्या. जीएसटी नंबर नाही, सही नाही. तिसरीवर नुसतं ‘काम’ खरडलंय, आणि खाली ५,४००.