बॅकअप हार्ड डिस्क, आठ महिन्यांनंतर: दोष दुसऱ्यांचे, शिव्या हिला

दसऱ्याला घेतलेली दोन टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क. अडीच इंची, वेगळा ॲडॉप्टर नसलेली, यूएसबीवरच चालणारी. पहिल्या आठवड्यात हा अनुभव लिहिला असता तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते. जानेवारीत लिहिला असता तर अर्धाही दिला नसता. आता जून चालू आहे आणि माझं मत तिसरंच झालंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार बरीचशी कंपनीची नाहीच.

सांगलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, शाळांच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स. फाइली बहुतेक कोरलड्रॉच्या, काही जुन्या पेजमेकरच्या. या धंद्यात जुनी फाइल म्हणजे भांडवल. गिऱ्हाईक पाच वर्षांनी येतं आणि म्हणतं, "ताई, थोरलीची पत्रिका तुमच्याकडेच केली होती, तशीच धाकटीची करा." २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. सीपीयू टेबलावर उचलून ठेवला होता, पाणी टेबलाच्याही वर गेलं. आठ वर्षांच्या फाइली गेल्या. तेव्हापासून सीपीयू लोखंडी रॅकच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा तो कोरडा राहिला, म्हणून फळी कायम झाली. हे घरचं पुराण सांगायचं कारण असं की पुढच्या दुखण्याचं एक मूळ या फळीतच निघालं.

माझा नेम असा: दुपारी दुकान बंद करताना डिस्क जोडायची, बॅकअप लावून जेवायला जायचं, चारला परत आल्यावर बघायचं, रात्री डिस्क पर्समधून घरी न्यायची. भाच्याने रोबोकॉपीची, म्हणजे विंडोजमधल्याच फाइली कॉपी करणाऱ्या आज्ञेची, एक बॅच फाइल करून दिली आहे. डबल क्लिक केलं की नवीन आणि बदललेल्या फाइली तेवढ्या डिस्कवर जातात.

दिवाळीच्या आसपास सुरुवात झाली. डिस्क निघाल्याचा तो खाली उतरणारा आवाज यायचा आणि दोन-तीन सेकंदांत जोडल्याचा वर चढणारा. मी हातही लावलेला नसायचा. कधी दिवसात एकदा, कधी दहा मिनिटांत चारदा. कधी ई ड्राइव्ह म्हणून गेलेली डिस्क एफ होऊन परत यायची, मग बॅच फाइलला ती सापडायचीच नाही. (यावर उपाय सोपा आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला झेडसारखं शेवटचं अक्षर कायमचं देऊन टाका.)

एक दिवस चारला येऊन बघते तर काळ्या खिडकीत एकच फाइल आणि खाली ओळीवर ओळ: तीस सेकंद थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो. दोन तास तेच. भाच्याला फोन केला. तो पुण्याला असतो. तो हसायलाच लागला. "आत्या, रोबोकॉपीला आपण काही सांगितलं नाही तर तो एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी तीस सेकंद थांबून." मी कॅल्क्युलेटर काढला. एका फाइलला जवळजवळ साडेअकरा महिने. लग्नपत्रिकेला तेवढा वेळ कोणी देत नाही. आता बॅच फाइलमध्ये /R:3 /W:5 घातलंय, म्हणजे तीन प्रयत्न, पाच-पाच सेकंदांनी, मग पुढची फाइल. तुम्ही रोबोकॉपी वापरत असाल तर हे आजच घाला.

मला तर खात्रीच होती की डिस्क खराब आहे. वॉरंटीत होती, सर्व्हिस सेंटरला फोन केला. बदलून देऊ म्हणाले, पण डेटाची जबाबदारी आमची नाही आणि येणारी डिस्क नवी किंवा दुरुस्त केलेली, कोणतीही असू शकते. त्यांनी नियम सांगितला, त्यात चूक काही नाही. मी मात्र थांबले.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाकून पाहिलं. त्यात डिस्कच्या तब्येतीचे आकडे दिसतात. सेक्टर म्हणजे डिस्कवरचे डेटा ठेवायचे बारीक कप्पे. बदललेले सेक्टर (खराब झाले म्हणून बाजूला काढलेले) शून्य, प्रलंबित सेक्टर (संशयित) शून्य. हे दोन आकडे चढायला लागले असते तर मी वाद न घालता डिस्क बदलून घेतली असती. पण तिथेच वर 'पॉवर ऑन काउंट' नावाचा आकडा होता: ४३७. हा आकडा म्हणजे डिस्कला वीज मिळून ती किती वेळा सुरू झाली. जानेवारी अखेरपर्यंत मी डिस्क फार तर शंभर वेळा जोडली असेन. बाकीचे सव्वातीनशे कुठून आले?

या एका आकड्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही. डिस्क गायब होते तेव्हा हा आकडा वाढत असेल तर तिची वीजच तुटते आहे. वाढत नसेल तर वीज शाबूत आहे आणि भानगड दुसरीकडे आहे, संगणकाने तिला झोपवलं असेल किंवा डेटाच्या तारा सुटत असतील. मी शंभर पानी वही घेतली आणि रोज लिहायला लागले: तारीख, वेळ, कोणतं पोर्ट, कोणती केबल, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. सोबत विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधलंही, म्हणजे विंडोज स्वतःच ठेवतं त्या नोंदवहीतलं. तिथे सिस्टिमच्या नोंदींत १५७ क्रमांक दिसला तर डिस्क अचानक निघाली, १५३ दिसला तर लिहिण्या-वाचण्याचं काम पुन्हा करावं लागलं. माझ्याकडे १५७ ची रांग होती.

आधी संशय लेझर प्रिंटरवर गेला. तो गरम होताना ट्यूबलाइट किंचित मंदावते. दोन दिवस प्रिंटर बंद ठेवून पाहिला. वहीत काही फरक नाही. बिचारा निर्दोष सुटला.

मग फळीकडे नजर गेली. सीपीयू डोक्याच्या वर, डिस्क टेबलावर, म्हणून डब्यातली वीतभर केबल बाजूला टाकून मी बाजारातून दीड मीटरची केबल आणली होती आणि ती सीपीयूच्या पुढच्या पोर्टात लावत होते. भाच्याने केबलचा फोटो मागवला. तिच्यावर बारीक अक्षरात २८ गेज छापलेलं होतं. त्याने हिशेब करून पाठवला: एवढ्या बारीक तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाऊन-येऊन तीन मीटर म्हणजे ०.६३. अडीच इंची डिस्क फिरायला लागताना एक अँपियरच्या आसपास ओढते. म्हणजे पाच व्होल्टमधले सहा दशांश व्होल्ट केबलच खाते आणि डिस्कला पोहोचतात साडेचारपेक्षाही कमी. शिवाय पुढचं पोर्ट आतल्या आणखी एका केबलने मदरबोर्डला जोडलेलं असतं, तिथेही थोडं जातं. नियमाप्रमाणे यूएसबी ३ चं साधं पोर्ट ९०० मिलिअँपियर देतं, जुनं यूएसबी २ चं तर ५०० च. तारेवरची कसरत म्हणतात ती हीच.

पोर्ट बदललं, मागचं निळं, म्हणजे यूएसबी ३ चं घेतलं. तुटणं अर्ध्यावर आलं. मला वाटलं सुटले. चार दिवसांनी पुन्हा सुरू. मग डब्यातली मूळ केबल शोधून लावली. पॉवर ऑन काउंटची आपोआप वाढ थांबली. मला वाटलं आता नक्की सुटले. आठवड्याने पुन्हा एकदा डिस्क गायब.

सगळ्यात जास्त डोकं इथेच फिरलं. एका आजाराला एक औषध असतं तर मी नोव्हेंबरातच मोकळी झाले असते. इथे दोन-तीन कारणं एकावर एक बसलेली होती. एक काढलं की त्रास कमी व्हायचा, मला वाटायचं जिंकलो, आणि उरलेलं कारण परत दार वाजवायचं. शिवाय आधी जे काढलं तेच चुकीचं होतं अशी शंका येऊन मी ते परत घालून बघायचे. वही नसती तर मी गोल गोल फिरत राहिले असते.

या वेळच्या नोंदी वेगळ्या होत्या. कॉपी चालू असताना काहीच होत नव्हतं. बॅकअप संपून डिस्क नुसती पडून राहिली की ती गायब, आणि मी पुन्हा जोडली त्याचा एक सोडून आकड्यात वाढ नाही. म्हणजे वीज शाबूत, झोप आगाऊ. विंडोज वीज वाचवायला रिकामी बसलेली यूएसबी उपकरणं झोपवतं आणि काही डिस्कमधली चिप त्या झोपेतून धड उठत नाही. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये यूएसबीचं सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद केलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करू द्यावं अशा अर्थाची खूण काढली. तिसरी जागा म्हणजे हार्ड डिस्क ठरावीक मिनिटांनी बंद करण्याची वेळ, तिथे शून्य घातलं. लॅपटॉपवाल्यांनी हे करताना बॅटरीचा विचार करावा, मला तो प्रश्न नाही.

त्यानंतर मार्च, एप्रिल, मे आणि हा जून. डिस्क एकदाच सुटली, तीही जाळ्या काढताना झाडू लागून.

आता डिस्कबद्दल. दोन टीबी म्हणून घेतली, विंडोज १.८१ दाखवतं. ही फसवणूक नाही. कंपनी हजारात मोजते, विंडोज १०२४ मध्ये. सुरुवातीला सेकंदाला ११०-१२० एमबीने लिहिते. मोठी कॉपी असली की काही मिनिटांनी तीसवर येते, कधी त्याहून खाली. स्वस्त आणि मोठ्या पोर्टेबल डिस्कमध्ये लिहिण्याचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्याचा हा परिणाम. रोजच्या थोड्या बॅकअपला काही वाटत नाही. पहिला पूर्ण बॅकअप मात्र रविवारी लावा.

खरी तक्रार केबलच्या खोबणीची. डिस्कच्या बाजूची ती रुंद, चपटी, दोन भागांची खोबण, यूएसबी ३ ची मायक्रो-बी. रोज काढ-घाल केली की ढिली होते. मी आता केबल डिस्कला लावूनच ठेवते आणि फक्त संगणकाच्या बाजूने काढते. पुढची घेईन ती टाइप-सी खोबणीचीच.

आणखी एक गंमत. डिस्क मागच्या पोर्टात लावल्यापासून वायरलेस माउस अडखळायला लागला. मला वाटलं सेल संपले. यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, याबद्दल इंटेलने २०१२ मध्येच लेख काढलेला आहे. माउसचं इवलंसं रिसीव्हर डिस्कच्या शेजारच्याच पोर्टात होतं. ते एक्स्टेंशनने खाली टेबलावर आणलं, माउस सरळ झाला.

नुकसान झालं नाही असं नाही. तुटातुटीच्या काळात डिस्कवरचा एक फोल्डर उघडेनासा झाला. विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क चालवल्यावर त्यातल्या चाळीसेक फाइली बिननावाच्या तुकड्यांच्या रूपात वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडल्या. मूळ फाइली संगणकावर होत्या म्हणून निभावलं. तुमची डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा ते सेक्टरचे आकडे चढत असतील तर चेकडिस्क चालवू नका, आधी निघेल तेवढा डेटा दुसरीकडे काढा.

घ्यावी का? किंमत आणि जागा पाहता घ्या. केबल डब्यातलीच वापरा. लांब केबल टाळता येत नसेल तर स्वतःचा ॲडॉप्टर असलेला हब (एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारी डबी) मध्ये घाला. बिनॲडॉप्टरचा हब घातलात तर दुखणं वाढेल. मी साडेतीन तारे देते. दीड तारा खोबणीचा आणि मोठ्या कॉपीतल्या वेगाचा कापला. केबलचे, पोर्टाचे आणि विंडोजचे तारे हिच्या खात्यातून कापणं बरं नाही.

केबल वीतभर, म्हणून डिस्क आता सीपीयूच्या शेजारी वरच्या फळीवर, फोमच्या तुकड्यावर असते. रोज दुपारी मी स्टुलावर चढून ती जोडते आणि रात्री पुन्हा चढून काढते. समोरचे स्टेशनरीवाले काका रोज विचारतात, "ताई, देवाला फुलं वाहताय का?" वही अजून चालू आहे. काल पॉवर ऑन काउंट ५९७ होता. आज ५९८. तो एक मी जोडली त्याचा.