आगाशिवच्या लेण्यांत मला विकलेली तीन नाणी

कराडजवळच्या आगाशिव डोंगराच्या पायथ्याशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस भेटला आणि "लेणी बघायची तर आधी पावती फाडावी लागेल" म्हणाला, तर पावती फाडू नका. आम्ही फाडली. पाच जणांचे पाचशे रुपये. तिथून सुरू झालं ते एकोणसाठ हजार शंभर रुपयांवर जाऊन थांबलं.

मी विट्याची. एका पतसंस्थेत सतरा वर्षं रोखपाल आहे. लेण्यांची ओढ कॉलेजपासूनची. शिरवळची लेणी पाहिली, वाईजवळ लोहाऱ्याला जाऊन आले. तिथल्या बौद्ध स्तूपाचीच आता पालपेश्वर म्हणून पूजा होते, ते बघून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते. कराडची लेणी मात्र इतक्या जवळ असून राहूनच गेली होती. दिवाळीच्या सुट्टीत एकदाचं ठरलं. मी, माझी नववीतली लेक, धाकटी जाऊ आणि तिची दोन मुलं. कडेगाववरून कराड, मग मलकापूर, तिथून जखिणवाडीकडे.

तो माणूस वाटेवरच उभा होता. पन्नाशीचा, पांढरा सदरा, पायांत साध्या चपला. ओळखपत्र लॅमिनेट केलेलं, त्यावर 'अधिकृत मार्गदर्शक' असं लिहिलेलं, गोल शिक्का. हातात छापील पावतीपुस्तक, 'प्रवेश व देखभाल शुल्क'. पावतीवर ना अनुक्रमांक होता ना कार्यालयाचा पत्ता. माझा दिवस पावत्या लिहिण्यात जातो, तरी त्या क्षणी ते माझ्या डोळ्यांत आलं नाही. मार्गदर्शनाचे सहाशे वेगळे ठरले.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण मी फसले ती इथे. त्या माणसाने लेण्यांबद्दल एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही. डोंगरात साठाहून जास्त लेणी आहेत, बहुतेक लहान आणि साधी. ती हीनयान या जुन्या बौद्ध पंथाची, म्हणून बुद्धाची मूर्ती न कोरता स्तूपच पूजला जायचा. भिक्षूंच्या खोल्यांतले दगडी ओटे हीच त्यांची झोपायची जागा. सगळं बरोबर. कराडचं जुनं नाव करहाकट आणि ते मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपावर कोरलेलं सापडतं, करहाकट नगराने तिथे दान दिलं होतं, हेही त्याने सांगितलं. ते मी आधी वाचलेलं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या कराडच्या लोकांनी एवढ्या लांब दान पाठवलं, हे त्या डोंगरावर उभं राहून, खाली कृष्णा-कोयनेचा संगम बघत ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. माणूस जाणकार आहे, याची माझ्या मनाने तिथेच खूणगाठ बांधली. दहा खऱ्या गोष्टींवर विश्वास बसला की अकरावी कुणी तपासत नाही. मीही तपासली नाही.

चैत्यगृहात स्तूपासमोर जाऊ आणि मुलं जरा पुढे गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "ताई, तुम्हाला यातलं कळतंय म्हणून दाखवतो." खिशातून कापडाची पुरचुंडी काढली. आत तीन नाणी. काळपट, मधेमधे हिरवट, रुपयाच्या नाण्यापेक्षा जड वाटणारी. एका बाजूला धनुष्य-बाण, दुसऱ्या बाजूला कमानींचा डोंगर आणि झाड, कडेने ब्राह्मी अक्षरं. अशी शिशाची नाणी सातवाहन काळात कोल्हापूर भागात चालत होती. 'रञो वासिठीपुतस विळिवायकुरस', म्हणजे वासिष्ठीपुत्र विळिवायकुर राजाचं, हा लेख असलेली नाणी मी छायाचित्रांत पाहिलेली. तीच अक्षरं तळहातावर बघून माझा हात खरंच थरथरला.

वरच्या एका लेण्यात साफसफाई करताना जमीन उकरली तेव्हा ती सापडली म्हणाला. एक व्यापारी मागे लागलाय, त्याच्याकडे गेली की परदेशात जाणार. "तुमच्यासारख्यांच्या घरात राहिली तर निदान महाराष्ट्रात तरी राहतील." एका नाण्याचे सहा हजार, तिन्हींचे अठरा. मला हाव सुटली नव्हती. ती विकून मला काही मिळवायचं नव्हतं. पण आपण काहीतरी वाचवतोय, हा भाव हावेपेक्षा कमी आंधळा नसतो, हे मला आता कळतंय. पर्समधले तीन हजार दिले, पंधरा हजार फोनवरून पाठवले. पैसे ज्या नावावर गेले ते नाव त्याच्या ओळखपत्रावरचं नव्हतं. "भाच्याचं खातं" म्हणाला.

मग म्हणाला, "आठवण म्हणून एक फोटो काढून घ्या." मी स्तूपासमोर उभी, तळहातावर तीन नाणी. फोटो त्याने स्वतःच्या फोनवर काढला आणि मला पाठवला. म्हणजे माझा नंबरही त्याच्याकडे गेला.

नऊ दिवसांनी दुपारी फोन आला. "पुरातत्त्व विभागातून बोलतोय. तुमच्याकडे संरक्षित स्मारकातून चोरलेली नाणी आहेत." पाठोपाठ तोच फोटो आला. मग व्हिडिओ कॉल: खाकी कपडे, मागे भिंतीवर अशोकस्तंभ. उद्या सकाळी घरी पथक येईल, अटक होईल, पतसंस्थेला कळवावं लागेल. आजच दंड भरला तर प्रकरण बंद होईल. पंच्याऐंशी हजार. कुणाशी बोलाल तर पुरावा दडपल्याचं कलम वाढेल.

नोकरीत रोख सांभाळणाऱ्या बाईवर चोरीचा आळ म्हणजे काय, ते मी सांगायला नको. संध्याकाळपर्यंत मी चाळीस हजार भरले. घरात कुणाला सांगितलं नाही. स्वयंपाक केला, वाढलं, आणि बाकीचे पंचेचाळीस कुठून आणायचे याचा हिशोब करत बसले. मंगळसूत्राचासुद्धा विचार करून झाला.

जेवणं झाल्यावर धाकटे दीर ओट्यापाशी आले. ते गलाई करतात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, कोइमतूरला. आमच्या खानापूर तालुक्यातल्या किती घरांतले पुरुष देशभर सोन्या-चांदीच्या भट्ट्यांवर बसलेत, ते इकडच्या लोकांना माहीत आहे. दिवाळीला आले होते, तुळशीचं लग्न उरकून परत जायचे होते. "वैनी, काय झालंय? तुमी आज ताटाला हातबी लावला न्हाई." मी रडतच सगळं सांगितलं. ते ना रागावले ना हसले. म्हणाले, "नाणी दावा."

बल्बखाली धरून त्यांनी आधी नुसतं बघितलं. मग विचारलं, "हे शिसं हाय म्हनला का त्यो? वैनी, शिशाला हिरवा गंज चढत न्हाई. हिरवं चढतं तांब्याला. शिशावर पांढुरकी राख बसती." चांदी शुद्ध करायला शिसं लागतं, त्यामुळे ते त्यांच्या रोजच्या हातातलं. रॉकेलचा बोळा फिरवला, तर हिरवं-काळं सगळं बोळ्यावर उतरलं. खाली चकचकीत पांढरा धातू. तो त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दाबून ओढला. शिसं असतं तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली असती. कागद कोराच राहिला.

मग तिन्ही नाणी त्यांनी शेजारी शेजारी लावली आणि मला जवळ बोलावलं. धनुष्याच्या वरच्या टोकाजवळ कडेला एक बारीक चीर होती, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी. पहिल्यावर होती. दुसऱ्यावर त्याच जागी, तेवढीच. तिसऱ्यावरही तीच. अक्षरंही तिन्हींवर एकाच बाजूला सारखीच सरकलेली. ठशावर घण मारून पाडलेल्या नाण्यांवर प्रत्येक घाव जरा वेगळा बसतो, दोन नाणी अशी तंतोतंत निघत नाहीत. "एका साच्यातली वतीव हैत ही," दीर म्हणाले आणि कडेवरून नख फिरवायला लावलं. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली उभार रेष नखाला लागली.

त्या रात्री मला आणखी एक गोष्ट सुचली आणि स्वतःचीच चीड आली. लेण्यातली जमीन उकरली, म्हणाला होता तो. अख्खा डोंगर काळ्या बसाल्टचा. लेणं म्हणजे त्या खडकातून कोरून काढलेली पोकळी. भिंती दगड, छत दगड आणि पायाखाली तोच अखंड दगड. तिथे उकरणार काय? मी त्या दगडावर चपला काढून उभी होते.

सकाळी दिरांसोबत पोलीस ठाण्यात गेले. पाय जड झाले होते, कारण मला वाटत होतं की गुन्हेगार मीच. सगळा डाव याच भीतीवर उभा आहे. नाणी खरी वाटतात तोवर माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसतो तोवर त्याच्याकडून पैसे निघत राहतात. तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "१९३० ला फोन केला का?" हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक मी आमच्याच पतसंस्थेच्या फलकावर रोज बघते. रात्रीच लावला असता तर जास्त पैसे अडले असते. चाळीस हजारांतले साडेअकरा हजार समोरच्या खात्यात गोठवले गेले, बाकीचे तोवर पुढे सरकले होते. गोठवलेले अजून परत मिळायचे आहेत.

त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहीत असतं तर तो पुरातत्त्ववाल्याचा फोन मी उचलून लगेच ठेवला असता. कुठलंही सरकारी खातं व्हिडिओ कॉलवर चौकशी करून फोनवरून दंड घेत नाही. प्राचीन वस्तू विकण्याच्या धंद्याला १९७२ च्या कायद्यानुसार परवाना लागतो, डोंगरावर पुरचुंडी सोडून ती विकता येत नाही. आणि खरंच जमिनीत दहा रुपयांवरच्या किमतीचं काही जुनं सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं, १८७८ चा कायदा आहे. म्हणजे त्या माणसाचं म्हणणं अक्षरशः खरं असतं, तरीही मी ते नाणं हातात घ्यायला नको होतं. वाचवायचंच होतं तर तहसील कार्यालयात जाऊन सांगायला हवं होतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खोटं नाण्यांपुरतं होतं आणि चूक माझीही होती, हे लपवून काय मिळणार?

जागा दाखवायला हवालदारांबरोबर पुन्हा जखिणवाडीला गेले. वाटेत भाऱ्यावर बसलेल्या एका आज्जींना पावतीबद्दल विचारलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "आगाशिवाला जायाला कसलं तिकीट गं बाई? श्रावणात सोमवारी आख्खं कराड वर चढतंय, कोन पावती फाडतंय?" गावातल्या कुणीच त्या माणसाला ओळखलं नाही. तो बाहेरून येऊन सुट्ट्यांच्या दिवशी उभा राहत असणार. आज तिथे नसेल तर दुसऱ्या कुठल्या डोंगराच्या पायथ्याला असेल. म्हणून शिरवळ, लोहारे, पाटेश्वर, दंडोबा, कुठेही जाणार असाल तरी लक्षात ठेवा: माहिती अचूक देईल, 'तुम्हाला यातलं कळतं' म्हणेल, आणि शेवटी फोटो त्याच्याच फोनवर काढेल. जे आधीच यात अडकलेत आणि घरी बोलले नाहीत त्यांनी आज रात्री कुणाला तरी सांगा. उद्या सकाळची वाट बघू नका.

लेक विचारत होती, आता लेणी बघायला जाणार नाही का आपण? पुढच्या श्रावणात आम्ही जाणार आहोत, पहाटे, वरच्या महादेवापर्यंत. ज्या दगडी ओट्यांवर तेव्हा मी धड नजरही टाकली नाही, कारण माझं लक्ष त्या पुरचुंडीकडे होतं, ते मला नीट बघायचे आहेत.

नाणी पोलिसांनी जमा करून घेतली. पंचनाम्याची प्रत माझ्याकडे आहे. त्यावर लिहिलंय: 'पांढऱ्या धातूच्या गोल चकत्या, नग ३, किंमत अंदाजे रुपये ३०.'