वॉकर घेऊन बालवाडीत: एका आईचा अभिप्राय

माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे. दोन्ही पायांचे स्नायू ताठ, हात त्यामानाने बरे, समज चांगली, बोलणं मात्र अस्पष्ट. पायात स्प्लिंट घालून ती वॉकरने चालते. सर्वसाधारण बालवाडीच्या शोधात असलेल्या पालकांना उपयोग व्हावा म्हणून तिच्या सध्याच्या शाळेबद्दल लिहिते आहे.

याआधीच्या शाळेतही प्रवेश मिळाला होता. पण गोष्टीच्या वेळी बाकीची मुलं जमिनीवर गोल करून बसायची आणि ही कडेला, तिच्या उंच खुर्चीत. मुलांनी शक्य तिथे एकत्रच शिकावं, असं विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाबद्दलच्या सालामांका या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्यात १९९४ सालीच मान्य झालंय. त्या वर्गात मात्र एका खोलीत असण्यापलीकडे एकत्र असं काही नव्हतं.

इथे पहिल्याच आठवड्यात ताईंच्या लक्षात आलं, की जमिनीवर बसली की ती पाय दोन्ही बाजूंना मागे दुमडते आणि तोल सांभाळण्यातच दमून जाते. त्यांनी तिला एक बुटकं स्टूल दिलं, तळवे जमिनीला पूर्ण टेकतील एवढ्याच उंचीचं. आणि तसली आणखी दोन-तीन स्टुलं गोलात ठेवली, ज्याला हवं त्याने बसावं. आता स्टुलासाठी पाळ्या लागतात.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते चित्रांचे तक्ते. खेळाच्या प्रत्येक कोपऱ्यात, मुलांचा हात पोचेल असे लावलेत: ‘मला पण’, ‘माझी पाळी’, ‘नको’, ‘पुन्हा’. एकदा मी दाराशी उभी होते. एका मुलाने हिचा ठोकळ्यांचा मनोरा पाडला. हिने ‘नको’वर बोट ठेवलं, त्याच्याकडे बघितलं, मग ‘पुन्हा’वर ठेवलं. तो मुकाट्याने ठोकळे गोळा करायला लागला. ताई जवळच होत्या, पण मध्ये पडल्या नाहीत. चित्रं दाखवली तर मूल बोलणार नाही, अशी भीती बऱ्याच घरांत असते. आमच्या थेरपिस्टनीही सांगितलं की तसं होत नाही, आणि हिचे शब्द तर वाढलेच आहेत. शिवाय प्रश्न विचारला की ताई मनात दहा आकडे मोजून थांबतात. हिला तेवढा वेळ लागतोच.

फिजिओथेरपिस्ट येतात तेव्हा तिला वर्गाबाहेर नेत नाहीत. वाळूचं टेबल तिच्या कमरेएवढं उंच केलंय. तिथे मैत्रिणींबरोबर खेळताना ती उभी राहते आणि पायांवर भार पडतो. हे बघून ताईंनाही कळतं, की ते नसतील त्या दिवशी काय करायचं.

आता तक्रारी. मदतनीस मावशी प्रेमळ आहेत, पण घाईत बूट, चेन, दप्तर सगळं स्वतःच करून टाकतात. मुलीला जमतं ते तिला करू द्या, असं मी सांगितलंय. निम्मा फरक पडलाय. मोठी तक्रार अंगणाची. तिथे बारीक खडी आहे, वॉकरची चाकं रुततात. पाठीला आधार असलेला झोपाळा मुद्दाम आणलाय, पण तिथपर्यंत ती स्वतःहून जाऊच शकत नाही. कुणीतरी उचलून न्यावं लागतं, नाहीतर ती फरशीच्या कडेला उभी राहून बघते. फरशीपासून झोपाळ्यापर्यंत एक सपाट पट्टा केला तरी पुरे. मी पुन्हा पुन्हा मागणी केली आहे, अजून काम झालेलं नाही. म्हणून पाचपैकी चारच गुण.

श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक गोष्ट जरूर तपासावी: मोठ्या हॉलमध्ये आवाज फार घुमतो. यंत्र गोंगाटही मोठा करतं, त्यामुळे तिथे ताईंचे शब्द नीट कळणं अवघड जाईल. लहान वर्गांत सतरंज्या आणि पडदे आहेत, तिथे बरं आहे. गाणी आणि गोष्टी कुठे घेणार, हे प्रवेशाआधीच विचारून घ्या.