पायाची संवेदना तपासायला काय घ्यावं: 10 ग्रॅमचा तंतू की नादकाटा?

जुना मधुमेह असलेल्या माणसाच्या पायातून चप्पल निसटते आणि चार पावलं पुढे गेला तरी त्याला पत्ता नसतो. अशांचे पाय शिबिरात किंवा छोट्या दवाखान्यात तपासायचे आणि साधन एकच घ्यायचं असेल, तर आधी हे समजून घ्या की ही दोन्ही साधनं वेगवेगळे प्रश्न विचारतात.

मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा तंतू. तो त्वचेवर काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबायचा. वाकला की 10 ग्रॅमचा दाब पडलेला असतो. हा दाब ओळखण्यात मर्केल पेशींचा मोठा वाटा आहे. त्या बाह्यत्वचेच्या तळाशी असतात आणि दाब टिकून आहे तोवर मेंदूला कळवत राहतात. अंगठ्याखाली, तळव्यावर हा स्पर्श कळला नाही, तर बूट चावतोय हेही कळणार नाही आणि जखम नकळत वाढेल. म्हणून हा तंतू मला मोलाचा वाटतो. पाय बधिर झालेल्या कुष्ठरुग्णांच्या तपासणीतही असेच तंतू वापरतात. मात्र घट्ट्यावर तंतू टेकवू नका, तिथे निरोगी माणसालाही कमी जाणवतं. शिवाय सतत वापरून आणि दमट हवेत नायलॉन मऊ पडतो. 10 जण तपासले की तंतूला दिवसभर विश्रांती द्या.

नादकाटा म्हणजे ठोकल्यावर कंप पावणारा धातूचा दुहेरी काटा (ट्युनिंग फोर्क). तो 128 हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला 128 कंपनांचाच घ्या. तो अंगठ्याच्या नखामागच्या हाडावर ठेवतात. कंपन टिपतात ती पॅसिनीची कणिका: अंतस्त्वचेत खोलवर, कांद्यासारखे पापुद्रे असलेली, सुमारे मिलिमीटरभर लांबीची. ती फक्त बदलाला दाद देते, स्थिर दाबाला लगेच सरावते. रुग्ण ‘थांबलं’ म्हणाला आणि तुमच्या बोटांना कंपन अजून जाणवत असेल, तर त्याची संवेदना कमी झालेली आहे. नादकाटा झिजत नाही, ही जमेची बाजू. पण वयाबरोबर पायातली कंपनाची जाणीव मधुमेहाशिवायही कमी होते. सत्तरीच्या आजोबांचा निकाल वाचताना हे विसरू नका.

एकच घ्यायचं तर तंतू घ्या. जमल्यास दोन्ही घ्या, कारण एकात सुटलेला पाय दुसऱ्यात सापडू शकतो. मात्र दोन्ही तपासण्या जाड मज्जातंतूंच्या आहेत. वेदना आणि उष्णता वाहणारे बारीक मज्जातंतू त्यात तपासले जात नाहीत. पायांची आग होत असेल, तर निकाल चांगला आला तरी डॉक्टरांना सांगाच.

घरी आईवडिलांसाठी यातलं काहीच विकत आणायला नको. त्यांना डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी बोटाने अलगद, सेकंद-दोन सेकंद स्पर्श करा. टोचू नका, चोळू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा.